पान वर, पोट खाली

पाव

सकाळी चहाला आधण यायच्या आत भिंगबाईचं पहिलं काम उरकलेलं असे. ओट्यावर जुन्या चादरीची चौघडी, चौघडीवर एक पांढरी गोळी, गोळीच्या मधोमध रेघ, रेघेच्या दोन बाजूंना दोन अंगठे. टक्. एक अर्धी दादाच्या तळहातावर. दुसरी अर्धी संध्याकाळसाठी बटणांच्या डबीत. सहा वर्षांत तिच्या हातून गोळीचा चुरा झाला तो दोनदाच, आणि दोन्ही वेळा दादा मागून काहीतरी बोलला म्हणून, असं ती सांगे.

"बोललो नव्हतो, शिंकलो होतो," दादा म्हणे. "आता शिंकेलाही तुझी परवानगी काढायची का?"

दादा तिचा थोरला भाऊ. शिंपी. खिडकीशी त्याचं मशीन. नवे कपडे शिवून घेणारे कधीच संपले होते. आता विजारी आखूड करायच्या, चेन बदलायची, कंबर सैल करायची. "लोक जेवतायत तोवर मला मरण नाही," असं तो कमरेचा टाका उसवताना म्हणे.

त्याला तरुणपणापासून फिट येई. औषध दोन्ही वेळा पोटात गेलं की येत नसे. फार पूर्वी एकदा संध्याकाळचं राहिलं, तेव्हा तो मशीनवर बसलेला होता. पाय पायट्यावरच राहिला आणि सुई डाव्या अंगठ्याच्या नखातून आरपार गेली. नख पुन्हा आलं, पण मधोमध चीर घेऊन. तेव्हापासून औषधाचा ताबा भिंगबाईकडे होता. ह्या गोष्टीवर घरात मतदान झालं नव्हतं.

आता गंमत अशी, की ही गोळी ज्या कारखान्यात होई त्याच कारखान्यात भिंगबाई कामाला होती.

गोळी म्हणजे दाबलेली भुकटी. साच्यात भुकटी पडते, वरून एक पोलादी पंच येतो, खालून एक येतो, दोघं मिळून तिला दाबतात, झाली गोळी. पंचाच्या तोंडावर जे उंच असेल ते गोळीवर खोल उमटतं. एका यंत्रात असे सत्तावीस जोड. भिंगबाई ते धुई, पुसे, तेल लावी, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून एकेकाचं तोंड बघे, आणि मापात असेल तरच यंत्रावर जाऊ देई. म्हणजे दादाच्या गोळीवरची रेघ तिच्याच नजरेखालून जाई. एकतीस वर्षांत तिनं एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. त्याबद्दल कंपनी तिला, आणि इतर सगळ्यांनाही, दर वर्षी एक छत्री देई. छत्रीवर कंपनीचं चिन्ह: देठासकट एक पान.

"छत्र्या पुष्कळ झाल्या," दादा म्हणे. "यंदा पाऊस मागून घे."

अर्धी

गोळी अर्धी का करावी लागे, हे आता सांगायला हवं.

ह्या औषधाची दोन मापं होती. लहान गोळी आणि मोठी गोळी. मोठीत औषध बरोबर दुप्पट. डॉक्टरांनी दादाला लिहून दिली होती लहान, दोन वेळा. तेव्हा तीन कंपन्या ही गोळी करत. मग तिघींपैकी एकीनं, म्हणजे भिंगबाईच्याच कंपनीनं, बाकीच्या दोघींना विकत घेतलं आणि त्यांच्या फाटकांना कुलपं लावली. बातमी आली त्या दिवशी कारखान्यात पेढेही वाटले गेले नाहीत, नुसती एक नोटीस लागली. आणि किंमत जिना चढायला लागली.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्या काकांकडे जुना माल असे, त्यावर नव्या किमतीची चिठ्ठी चिकटवून येई. दादाला चिठ्ठ्या नखानं सोलायची सवय. एकदा त्यानं एकाच डबीवरून पाच काढल्या. कांद्यासारख्या. पाचवीखाली छापलेली मूळ किंमत निघाली तेव्हा त्यानं ती भिंगबाईला भिंगातून बघायला लावली.

"काय बदललं गं मधल्या वर्षांत?"

तिनं विचार केला. "भुकटी तीच. यंत्र तेच. पंच तर माझ्याच हातचे."

"पगार?"

"तोही तोच."

पुढे कंपनीनं लहान आणि मोठी एकाच भावाला विकायला काढली. वरच्या कुणाला तरी वाटलं असावं, ज्याला गोळी लागते तो माप बघत नाही, खिसा बघत नाही, मुकाट घेतो. औषधवाल्या काकांनी मात्र काउंटरवरून पुढे वाकून, आवाज खाली आणून सांगितलं, "ताई, मोठी घ्या आणि अर्धी करा. मधे रेघ आहेच. डॉक्टरांना विचारा, पण करा."

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मान वर न करता लिहून दिलं: मोठी, अर्धी-अर्धी. त्या आठवड्यात हे लिहायची त्यांची ही कितवी खेप होती कोण जाणे.

खर्च निम्मा झाला. शहरभर ओट्याओट्यांवर टक्-टक् सुरू झालं. लहान गोळी फळ्यांवर धूळ खात पडली, आणि ती धूळ वरच्या ऑफिसात दिसली.

पाऊण

उत्पादनाच्या साहेबांना सगळे थोडक्यात-साहेब म्हणत. "थोडक्यात सांगतो" म्हणून ते तोंड उघडत आणि जेवणाची घंटा होईपर्यंत मिटत नसत. माणूस वाईट नव्हता. एका दुपारी ते वरच्या ऑफिसातल्या दोघा टायवाल्यांना घेऊन पंचांच्या खोलीत आले. हातात ताटली, ताटलीत गोळ्या. दोन्ही बाजूंनी फुगीर, गुळगुळीत. रेघ नव्हती.

"थोडक्यात सांगतो. लोक घरी गोळ्या मोडतात. कमीजास्त होते, मात्रा चुकते. तेव्हा रुग्णाच्या सुरक्षेसाठी कंपनीनं ठरवलंय, की मोडताच येणार नाही अशी गोळी करायची."

"रुग्णाच्या सुरक्षेसाठी," एक टायवाला म्हणाला.

"तेच म्हणालो मी. तर आज ही मोडून बघायची. घरी लोक जे जे करतात ते सगळं करा. लाजू नका."

यंत्रचालकानं सुरी लावली. गोळी उडून कपाटाखाली गेली आणि तो तिच्यामागे. पॅकिंगमधल्या बाईनं दातांत धरली, तोंड वाकडं केलं, "कडूजहर आहे हो," म्हणत हातरुमालात थुंकली. कुणी कात्री आणली, कुणी नेलकटर. टायवाला लिहीत होता. सुरी: चुरा. दात: चुरा. कात्री: चुरा. मग त्यानं पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, "म्हणजे हिचे दोन सारखे भाग करणं अशक्य आहे."

भिंगबाई कोपऱ्यात पंच पुसत उभी होती. तिला सगळं कळत होतं. गोळी कोणती, ती का बदलतायत, कुणाच्या ओट्यावर जाऊन हे पोचणार, सगळं. पण एकतीस वर्षं ज्या खोलीत केसाच्या जाडीचे वाद तिच्या शब्दानं मिटले, त्या खोलीत उभं राहून कुणी टायवाला 'अशक्य' म्हणाला, आणि हात पुढे गेला. डोकं मागून चालत आलं.

पंच आडवे ठेवून मापायचा एक खाचेचा पोलादी ठोकळा असतो. तिनं गोळी त्या खाचेत कडेवर उभी केली. फुगीर गोळीलाही एक कंबर असते, दोन फुगवट्यांच्या मधला सपाट पट्टा. त्या पट्ट्यावर पातं टेकवलं आणि पितळी हातोडीनं एकदाच, कपाळावर टिचकी मारावी तसं, मारलं.

दोन अर्ध्या. ताजव्यावर शेवटच्या आकड्यापर्यंत सारख्या.

यंत्रचालकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. थोडक्यात-साहेबांनीसुद्धा. पॅकिंगवाली म्हणाली, "बाईंच्या हातात जादू आहे हो, जादू." भिंगबाईनं मान खाली घालून पातं पुसलं, पण हसू तिला लपवता आलं नाही.

टायवाल्यानं टोपण काढलं आणि लिहिलं.

एक

आपण काय केलं हे तिला फाटकाशी कळलं. ओळखपत्र दाखवायला हात वर केला तो तसाच राहिला.

"बाई, बरं वाटत नाही का?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"हाताला काहीतरी झालंय," ती म्हणाली.

घरी दादानं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तो विजारीची मुडप घालत होता, ती पुरी केली, दोरा दातानं तोडला.

"म्हणजे तू पैज जिंकलीस."

"दादा, थट्टा नको. ती पहिली गोळी आली असती तर मी तुला असा एक ठोकळा घरी करून दिला असता. आयुष्यभर पुरला असता. काकांच्या दुकानात एक ठेवला असता. आता ते ती गोळी टाकून देणार आणि अशी करणार की मलासुद्धा..."

"टाळ्या मोठ्या होत्या का?"

ती पिशवी खुंटीला अडकवायला वळली.

"सांग की."

"मोठ्या होत्या."

"मग एवढं वाईट वाटून घेऊ नकोस. मला एकदा लग्नाच्या कोटाबद्दल टाळ्या मिळाल्या होत्या. नवऱ्यामुलाचा उजवा हात वर होत नव्हता, तरी."

दुप्पट खर्च झाला तर काय, हा हिशोब त्यांनी पूर्वी एकदा कागदावर मांडून पाहिला होता आणि कागद फाडून टाकला होता. पुन्हा मांडायची गरज नव्हती. दादानं मशीनवर खोळ घातली आणि सहज विषय निघावा तसा म्हणाला, "नाहीतर मी सकाळचीच घेईन. संध्याकाळी तसाही मी शिवत नाही."

"संध्याकाळी तू जिना उतरतोस. रस्ता ओलांडतोस."

"रस्त्यावर सुया नसतात."

असं म्हणून त्यानं डावा अंगठा मुठीत घेतला. तो नेहमीच घेई. तिनं नेहमीसारखं न पाहिल्यासारखं केलं.

सव्वा

*गोळी मोडण्याची चाचणी. नमुना दुसरा.*

*आकार:* वाटाण्यासारखा. जाड. कंबर जवळजवळ नाही.
*कडकपणा:* पहिल्या नमुन्याच्या दीडपट.
*खूण:* वरच्या बाजूस कंपनीचं पान, देठासकट. मधली शीर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. (स्वस्त नकलांपासून ओळखू यावी म्हणून. वरच्या ऑफिसची सूचना. देठ कडेपर्यंत गेलाच पाहिजे, नाहीतर पान छत्रीवरच्यासारखं दिसत नाही.)
*मिळालेल्या गोळ्या:* वीस.
*सुरी:* चुरा, तीन वेळा. *कात्री:* चुरा, दोन वेळा. *खाचेचा ठोकळा व पातं:* चुरा, चौदा वेळा.
*एकूण तपासलेल्या:* एकोणीस.
*तपासणाऱ्याची सही:*

"एक का राहिली?" थोडक्यात-साहेबांनी विचारलं. पहिली गोळी हिनंच मोडली, तेव्हा दुसरीही हिच्याकडूनच तपासून घ्या, असा वरून निरोप होता.

"एक नमुना राखून ठेवायचा असतो. नियम आहे."

"हो, हो. आहे खरा."

नियम होताच. पण विसावी गोळी चाचणीला उचलताना तिनं सवयीनं भिंग लावलं होतं, आणि पानाची ती मधली शीर तिला दिसली होती. सरळ. कडेपासून कडेपर्यंत. टायवाल्यांनी सुरक्षेसाठी एक रेघ पुसली होती आणि दिमाखासाठी दुसरी ओढली होती. चौदा वेळा तिनं पातं कमरेवर टेकवलं होतं, कारण मागच्या वेळी तिथंच यश आलं होतं. शिरेच्या दोन बाजूंना दोन अंगठे ठेवायचं तिला सुचलंच नव्हतं.

आता सुचलं. तिनं गोळी कागदाच्या पुडीत घातली, पुडीवर तारीख लिहिली आणि कपाटात ठेवली.

नव्या आकाराला सरकारी परवानगी लागते. ती यायला दीड वर्ष गेलं. दीड वर्ष ती पुडी तिच्या कपाटात होती, रोज पंच काढताना दिसे. दाबून पाहिली असती तर कळलं असतं. पण कळलं असतं तर लिहावं लागलं असतं. तिनं दाबली नाही. बाजारात तोवर रेघेचीच गोळी होती. दादा दोन्ही वेळा औषध घेई आणि अधूनमधून विचारी, "तुझा वाटाणा काय म्हणतो?"

"पुडीत आहे."

"झोपलाय तर झोपू दे."

परवानगी आली आणि कोरणाऱ्याकडून पानाचे पंच आले. चाळीस. यंत्राला हवेत सत्तावीस, उरलेले राखीव. शिरेची उंची पंधरा ते पस्तीस शतांश मिलिमीटर, ह्यात जे बसेल ते चालेल, असं कागदावर होतं. भिंगबाईनं दोन दिवस लावून चाळीसच्या चाळीस मापले. सगळे मापात होते. तिनं चाळीसचे चाळीस आकडे खरे लिहिले. मग सगळ्यांत उंच शिरेचे सत्तावीस यंत्राच्या खोक्यात ठेवले आणि बुटके तेरा राखीवच्या.

कुठले सत्तावीस घ्यायचे, हे कागदावर नव्हतं. ते नेहमी तीच ठरवत आली होती.

दीड

नवी गोळी दुकानात आली त्या संध्याकाळी औषधवाल्या काकांच्या काउंटरपुढे सात-आठ माणसं उभी होती. एक म्हातारे गृहस्थ हातातल्या गोळ्यांच्या पट्टीकडे बघत म्हणाले, "ही कशी मोडायची?" काका म्हणाले, "मोडत नाही, आजोबा. तशीच केलीय." आजोबांनी पट्टी परत ठेवली. मग पुन्हा उचलली. आणि पुन्हा ठेवली.

भिंगबाईनं एक पट्टी घेतली आणि चालायला लागली.

ओट्यावर चौघडी. चौघडीवर वाटाणा. दादा मागे उभा होता आणि श्वाससुद्धा बेतानं घेत होता. तिनं गोळी पान वर, पोट खाली अशी ठेवली. दोन अंगठे शिरेच्या दोन बाजूंना. दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. गोळी घसरून चौघडीच्या घडीत गेली.

"फार मऊ आहे तुझं अंथरूण," दादा म्हणाला. "वाटाणा झोपतोय त्यात." त्यानं चौघडी काढून टाकली. त्या जागी इस्त्रीची फळी आडवी टाकली, वर कोटाच्या कॉलरात घालतात ते कडक कापड एकपदरी पसरलं. "सरक. तुझे अंगठे पंच पुसून गुळगुळीत झालेत."

त्यानं गोळी ठेवली. पान वर, पोट खाली. चिरलेल्या नखाचा अंगठा एका बाजूला, धडका दुसऱ्या बाजूला.

टक्.

भिंगबाईनं भिंग लावलं. भंग शिरेवरून सरळ गेला होता. एका अर्धीला पानाची डावी बाजू, दुसरीला उजवी. तिनं दोन्ही खाली ठेवल्या आणि डोळे पुसायच्या निमित्तानं भिंग पुसलं.

"टाळ्या वाजवू का?" दादानं विचारलं.

"नको. आधी ही घे."

दुसऱ्या दिवशी तिनं काकांना सांगितलं. कडक कापडाचा तुकडा, पान वर, पोट खाली. काकांनी काउंटरवर करून बघितलं, तिसऱ्या गोळीला जमलं, आणि त्यांनी नेहमीसारखा आवाज खाली आणला. आठ दिवसांत दादाकडे लोक विजारी सोडून कॉलरचं कापड मागायला येऊ लागले. तो हातभर तुकडे कापून ठेवी. ते आजोबा दोन तुकडे घेऊन गेले. एक म्हणे बहिणीला पाठवायचा होता.

पाच महिन्यांनी थोडक्यात-साहेब पंचांच्या खोलीत एकटेच आले. त्यांनी टेबलावर एक कागद उलगडला. कागदात दोन अर्ध्या.

"हे बाहेरून आलंय," ते म्हणाले. "वर पोचलंय."

भिंगबाईनं भिंग लावून पाहिलं. "हात चांगला आहे."

"बाई, चाचणी तुम्ही केली होतीत."

"एकोणीस मोडल्या, एकोणिसांचा चुरा झाला. विसावी कपाटात आहे. पुडी फोडलेली नाही. बघता?"

साहेबांनी बघितली नाही. त्यांनी मापांची वही ओढली, पानाच्या पंचांचं पान उघडलं आणि बोट लावून चाळीस आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. मग कोणते सत्तावीस यंत्रावर आहेत तो रकाना वाचला. परत पहिल्या आकड्यावर आले. त्यांना वेळ लागला. पण त्यांना समजलं, हे तिला त्यांच्या बोटावरून दिसलं. बोट पस्तीसवर थांबलं होतं.

"बुटके तेरा राखीवमध्ये आहेत," ते म्हणाले.

"हो."

"ते लावले तर?"

"यंत्र सत्तावीस मागतं, साहेब. तेरांवर चालत नाही."

"कोरणाऱ्याकडून आणखी मागवले तर?"

"तो ह्याच मापाचे पाठवणार. सगळेच मापात आहेत."

खिडकीतून यंत्राचा आवाज येत होता, एकसारखा. साहेबांनी खुर्ची ओढली, बसले, आणि भिंगबाईच्या एकतीस, आता तेहेतीस, वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच खरोखर थोडक्यात बोलले.

"शीर काढा म्हणतायत वर. म्हणजे गोळी नवी, पंच नवे, परवानगी नवी. दीड वर्ष."

"मी तोवर निवृत्त होऊन घरी बसलेली असेन."

"माहीत आहे मला." त्यांनी वही मिटली. टेबलावरचा कागद घडी घालून खिशात ठेवायला लागले, आणि मधेच थांबून म्हणाले, "माझी मेव्हणी म्हणते, कॉलरच्या कापडापेक्षा जुन्या पट्ट्याचं चामडं बरं पडतं."

"चामडं सरकतं," भिंगबाई म्हणाली. "कापडच बरं."

साहेबांनी मान हलवली आणि गेले.

घरी दादा खिडकीशी बसून कुणाची तरी कंबर सैल करत होता. तिनं त्याला सांगितलं: दीड वर्ष. पुढे नवी गोळी येणार, बिनशिरेची, आणि तेव्हा पंच तपासायला ती तिथे नसणार.

दादानं सुईत दोरा ओवला. पहिल्याच फटक्यात गेला.

"पुढची कोण तपासेल?"

"यंत्रचालकाच्या बायकोला घेतायत माझ्या जागी. शिकवते तिला. हात बरा आहे."

"तिला भिंग देऊन टाक तुझं."

"देणार आहे. आणि सांगणारही आहे, कुणी 'अशक्य' म्हणालं तर हात खिशात घाल म्हणून."

दादा हसला. मग त्यानं बटणांची डबी पुढे सरकवली, कारण संध्याकाळ झाली होती. तिनं झाकण उघडलं. आत अर्ध्या पानाची अर्धी गोळी होती. ती त्याच्या तळहातावर ठेवून, तो पाण्याबरोबर गिळेपर्यंत ती समोर उभी राहिली, जशी रोज राहत असे.

"दीड वर्ष," पेला ठेवत तो म्हणाला. "निदान ही विजार तरी पुरी होईल."